एरलेंडचा कागद

टक् असा आवाज झाला आणि ब्रिटाच्या हातातलं पेन जागीच थांबलं.

फ्रिजवरचं ट्रॅक्टरच्या आकाराचं चुंबक निसटून फरशीवर पडलं होतं. त्याने धरून ठेवलेली कागदांची चळत हळूहळू घसरली आणि टेबलाखाली पसरली. ब्रिटाने श्वास रोखून आतल्या खोलीकडे कान दिला. तान्हा ओटो एकदा कुरकुरला आणि पुन्हा झोपी गेला. म्हणजे अजून पाऊण तास हातात होता. नवरा मका कापणीच्या यंत्रावर, मुलगी नेली शाळेत, भांडी सिंकमध्ये. पाच महिन्यांच्या बाळाच्या आईला एवढा वेळ म्हणजे चैनच. ती चैन ती एका मेलेल्या माणसाचा अर्ज भरण्यात घालवत होती.

मृताचं नाव: एरलेंड. मृत्यूची तारीख: एकोणीसशे सत्त्याहत्तर, जानेवारी. वय: इथे ती थांबली होती. रकान्यात वर्षं लिहायला दोन चौकोन होते. रात्रभर जगलेल्या बाळाचं वय त्या चौकोनांत कसं बसवायचं?

एरलेंड तिचा मोठा भाऊ. ती जन्मायच्या अठरा वर्षं आधी, हिमवादळात, शेतावरच्या घरात संध्याकाळी जन्मला आणि उजाडायच्या आत गेला. रस्ते तीन दिवस बंद होते. घरात त्याचं नाव कधी निघत नसे. मे महिन्यात ओटो झाला तेव्हा ब्रिटाची आई आर्डिस दवाखान्यात आली, नातवाच्या पायाचा ठसा घेतलेला जन्माचा कागद तिने हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "एरलेंडच्या थडग्यावर नुसता लोखंडी खुंटा आहे. त्यावर नावसुद्धा नाही."

एवढंच. पुढच्याच आठवड्यात तिने थडग्यासाठी दगड सांगून टाकला.

तो दगड आता ब्रिटाच्या मागल्या दारात, बुटांच्या रांगेशेजारी भिंतीला टेकून उभा होता. करड्या रंगाचा, उशीएवढा. नेली रोज त्यावर बसून बूट चढवायची. दफनभूमीच्या समितीने तो लावू दिला नव्हता, कारण दर दगडाला मृत्यूबाबत सरकारी शिक्क्याचा कागद लागतो असा नियम होता. आणि आर्डिसने त्यावर स्वतःचा एक नियम केला होता. तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. शहरातल्या डॉक्टरांनी नोव्हेंबर संपायच्या आत शस्त्रक्रिया करा म्हणून बजावलं होतं.

"आधी दगड, मग माझं काय ते," आर्डिस म्हणाली होती.

"आई, दगडाला घाई नाहीये. तुझ्या हृदयाला आहे."

"दगडाला आहे. ऑक्टोबरनंतर जमीन गोठते. मग थेट मे. आणि मी जर त्या टेबलावरून उठलेच नाही, तर त्या खुंट्याखाली कोण आहे हे सांगायला कोण उरणार? तुला तरी तो खुंटा कुणाचा ते ठाऊक होतं का?"

ब्रिटाला ठाऊक नव्हतं. लहानपणी ती त्या खुंट्याला सायकल टेकवून ठेवायची.

*

नोंदणी कचेरी कोर्टाच्या इमारतीत तळमजल्यावर होती, आणि नोंदणी कचेरी म्हणजे लावोन. चाळीस वर्षं तीच. त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जेवढी माणसं राहत होती त्याहून कितीतरी जास्त तिच्या कपाटांत मरून पडली होती, आणि दोन्हीकडची तिला नावानिशी माहीत होती.

"या बाईसाहेब," लावोन म्हणाली आणि काउंटरवरून हात लांब करून ओटोला उचलून घेतलं. "हा तर आजोबांचं नाक घेऊन आलाय. बोला, काय काम?"

ब्रिटाने अर्ज पुढे सरकवला. लावोनने एका हातात बाळ धरून दुसऱ्या हाताने चष्मा लावला. नाव वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकदम सरकारी आवाजात म्हणाली, "मृताशी आपलं नातं?"

"लावोन! रविवारच्या शाळेत तुम्ही मला शिकवलंय."

"ते मी तिथे. इथे मला रकाना भरावा लागतो."

"बहीण."

"पुरावा?"

ब्रिटाने नुसतं तिच्याकडे पाहिलं. लावोनने रकान्यात लिहिलं: 'प्रत्यक्ष माहितीवरून.' आणि सत्त्याहत्तरची वही काढायला आत गेली. ओटोला घेऊनच गेली.

शाळेला सुट्टी म्हणून बरोबर आलेली नेली काउंटरशी उभी राहून मोठ्याने वाचत होती. पहिलीत गेल्यापासून ती दिसेल ते वाचायची. पाट्या, डबे, बापाच्या टोपीवरची बियाण्यांची जाहिरात. "भिं-तीला... टे-कू... नये," तिने वाचलं आणि भिंतीला टेकली.

लावोन वही घेऊन आली. जानेवारीचं पान. तीन म्हातारे, एक अपघात. फेब्रुवारी. मार्च. एप्रिलही तिने पाहिला, बोट प्रत्येक ओळीवर ठेवून, हळूहळू. मग जन्माची वही काढली. तिथेही नाही.

"नाही गं," ती म्हणाली. "मेलेला नाही." आणि स्वतःच दचकली. "म्हणजे, इथे मेलेला नाही."

"पण डॉक्टर आले होते. रस्ता उघडल्यावर. आई सांगते, त्यांनी बघितलं, लिहून घेतलं."

"आले असतील. पण तेव्हा हिवाळ्यात गेलेल्याला हिवाळ्यात पुरत कुठे होते! जमीन लोखंड झालेली असायची. पेटी चर्चच्या मागच्या दगडी खोलीत ठेवायची आणि बर्फ वितळलं की एप्रिलमध्ये काय ते. डॉक्टरला वाटलं असेल, पुरताना कागद होईलच. आणि एप्रिलपर्यंत तो डॉक्टर ॲरिझोनाला ऊन खायला निघून गेला. नव्याला वाटलं, जुन्याने केला असेल." लावोनने वही मिटली. "दोघंही भले होते हो. पोर मधल्या तीन महिन्यांत पडून राहिलं."

"मग आता नोंद करता येईल ना? उशिरा?"

"मृत्यूची उशिरा नोंद होते," लावोन आनंदाने म्हणाली आणि खणातून नियमांची जाडजूड फाइल काढली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला. "त्याला आधी जन्माची नोंद लागते."

"मग जन्माची करा."

"तीही होते उशिरा. फक्त..." तिने फाइल ब्रिटाकडे फिरवली. जिथे बोट ठेवलं होतं तिथे स्पष्ट लिहिलं होतं: ज्याच्या जन्माची नोंद करायची तो अठरा वर्षांवरील असल्यास अर्जावर त्याने स्वतः, नोंदणी अधिकाऱ्यासमोर हजर राहून, सही करावी.

"तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे," लावोन अपराध्यासारखी म्हणाली. "या हिशेबाने."

ब्रिटाला हसू फुटलं, आणि ते हसू मध्येच कुठेतरी वळण चुकलं. ती पर्समध्ये रुमाल शोधू लागली. सापडलं ते ओटोचं लाळेरं. त्यालाच तिने नाक पुसलं. लावोनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, 'एक वाजता परत' अशी पाटी दाराला लावली आणि कोटाची बटणं लावत म्हणाली, "चल. मला एक आठवलंय."

*

चर्चच्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणाखालच्या खणात, बायकांच्या मंडळाच्या वह्या होत्या. अंत्यविधीनंतर तळघरात जे जेवण होतं त्याच्या. कुणी गेलं की मंडळातली एक जण लिहायची: पाव किती, हॅम कुणी आणलं, माणसं किती आली, काय कमी पडलं. पुढच्या वेळी कमी पडू नये म्हणून. सरकारने काय लिहावं, डॉक्टरने काय लिहावं, याबद्दल या बायकांचं काही म्हणणं नव्हतं; पण बटाट्याचं सॅलड कमी पडलं आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही, असं त्या गावात कधीच घडलं नव्हतं.

लावोनने सत्त्याहत्तरचं पान उघडलं. निळ्या शाईतलं गोल गोल अक्षर.

'१६ एप्रिल. आर्डिस आणि मर्लचं बाळ, एरलेंड. पाव साठ, वीस उरले. हॅम पुरलं. सॅलड दोन भांडी. लिंबाच्या वड्या – लावोन (जरा जास्त भाजल्या). कॉफीचे मोठे हंडे दोन. माणसं एक्केचाळीस. ऊन होतं पण वारा फार. मर्लने काही घेतलं नाही. आर्डिसने एक वडी खाल्ली.'

ब्रिटाने ते दोनदा वाचलं. तिचे वडील मर्ल सहा वर्षांपूर्वी गेले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी पानात काही टाकलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"एकोणीस वर्षांची होते मी," लावोन म्हणाली. "पहिल्यांदाच मला वड्या करायला सांगितल्या होत्या. आणि बघ, लिहून ठेवलंय मेलीने, जास्त भाजल्या म्हणून."

"हे चालेल का? पुरावा म्हणून?"

लावोन वहीकडे बघत राहिली. तिच्यातली चर्चमधली बाई आणि कचेरीतली बाई काही वेळ एकमेकींशी भांडत असाव्यात.

"हॅमवर शिक्का मारता येत नाही गं मला," ती शेवटी म्हणाली. "पण एक करते. राज्याच्या राजधानीला लिहिते. त्यांच्याकडे सगळ्या काउंट्यांचे कागद असतात. सगळी वर्षं शोधा म्हणते. नीट शोधा म्हणते."

तिने खरंच तसं लिहिलं. 'नीट' या शब्दाखाली रेघ मारली.

*

दोन आठवडे गेले. मका संपला. सकाळी गवतावर दहिवर पांढरं दिसू लागलं. आर्डिस रोज फोन करायची, आणि रोज दगडाबद्दल एक अक्षर न काढता विचारायची, "पोस्ट आलं का तुमच्याकडे?" जिना चढल्यावर तिला धाप लागते ती फोनवरही ऐकू यायची. शहरातल्या दवाखान्यातूनही फोन यायचा. तारीख ठरवायची होती. ब्रिटा त्यांना सांगायची, आई कळवेल. आई कळवत नव्हती.

एका मंगळवारी पाकीट आलं. जाड कागद, निळी नक्षीदार किनार, खाली उठावाचा मोठा शिक्का. ब्रिटाने तो पोस्टाच्या पेटीशीच, रस्त्यावर उभ्याउभ्या वाचला.

'प्रमाणित करण्यात येते की एरलेंड या नावाच्या व्यक्तीच्या मृत्यूची नोंद या राज्यात कसून शोध घेऊनही आढळली नाही.'

इतका देखणा कागद तिने आजवर पाहिला नव्हता. तिच्या लग्नाच्या दाखल्याला साधी किनारसुद्धा नव्हती. वडील नक्की मेले, तर त्यांना पांढऱ्या कागदावर एक ठसा मिळाला. भाऊ मेलाच नाही म्हणून त्याला एवढी नक्षी.

ती तशीच ओटोला गाडीत घालून डेलमरकडे गेली. डेलमर हा दफनभूमीच्या समितीचा अध्यक्ष, ऐंशीच्या पुढचा. धान्याच्या कोठारापाशी जे कॉफीचं टेबल आहे तिथे तो सकाळी नऊ ते अकरा सापडतो. शिक्क्याच्या कागदाचा नियम त्याचाच. कारणही तसंच घडलं होतं. कुणीतरी परवानगीशिवाय एक छोटा दगड लावला होता: 'वॉल्टर. शेवटपर्यंत निष्ठावान.' निष्ठावान म्हणजे सैनिकच असणार, असं धरून मे महिन्यात, शहिदांच्या स्मरणदिनी, माजी सैनिकांनी तिथे झेंडा लावला. सलग दोन वर्षं लावला. दोन्ही वर्षी डेलमरने टाचा जुळवून सलाम ठोकला. तिसऱ्या वर्षी कळलं की वॉल्टर हा कुत्रा होता, पिवळा, शिकारीतली बदकं आणून द्यायचा. तेव्हापासून शिक्क्याशिवाय दगड नाही.

"आणलास कागद?" डेलमर म्हणाला.

ब्रिटाने तो टेबलावर ठेवला. गाडीत ती चार वाक्यं घोकत आली होती; त्यांतलं एकही आता आठवेना. "डेलमर, आधी वाचा आणि मग मला..."

डेलमरने हात पुसले. कागद उचलला, उजेडाकडे धरला. किनार बघितली. मग अंगठा शिक्क्यावरून सावकाश फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. आंधळा वाचतो तसा.

"नाव बरोबर आहे," तो म्हणाला. "एरलेंड. दगडावर हेच आहे ना?"

"हो, पण खाली जे..."

"चष्मा गाडीत राहिला माझा."

चष्मा त्याच्या कपाळावर होता. ब्रिटा त्या चष्म्याकडे बघत राहिली. डेलमरने कागदाची घडी घातली नाही, जपून पाकिटात सरकवला.

"नियम काय आहे? दगडावरच्या नावाचा, मृत्यूबाबतचा, सरकारी शिक्क्याचा कागद. नाव आहे. मृत्यूबाबत आहे. शिक्का आहे. वॉल्टरला मिळाला असता का हा? झेरॉक्स दे फाइलला, मूळ ठेव आईकडे."

"डेलमर, तुम्हाला माहीत आहे यात काय लिहिलंय?"

तो कॉफीच्या पेल्यात बघत होता. "तो खड्डा मीच खणलाय पोरी. सोळा एप्रिलला. वर चिखल आणि दोन फुटांखाली अजून बर्फ होता. मर्लला म्हटलं, तू नको, मी खणतो. तर तो दुसरं फावडं घेऊन आला. मला कशाला सांगतोय कागद?"

"मग दोन महिने मला पळवलंत कशाला?"

डेलमरला या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं. "नियम आहे ना," तो म्हणाला.

*

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दगड लागला. नेलीला बूट घालायला आता खुर्ची आणावी लागली आणि ती त्यावरून सकाळी थोडी रडली. डेलमरने लोखंडी खुंटा काढला आणि काय करावं न सुचून ब्रिटाच्या हातात दिला. मर्लच्या मोठ्या दगडाशेजारी तो लहान दगड असा दिसला जणू कायमच तिथे होता.

आर्डिस काठी टेकून उभी होती. ती रडली नाही. वाकून तिने दगडावरची माती हातमोज्याने पुसली, पोराचं तोंड पुसावं तशी, आणि सरळ होताना ब्रिटाचा दंड धरला. "आता लाव त्या डॉक्टरांना फोन," ती म्हणाली. "सोमवारीच लाव."

शेजारच्या चर्चच्या तळघरात जेवण होतं. कुणी बोलावलं नव्हतं, बायका आपल्या आल्या होत्या. पाव, हॅम, सॅलड, लिंबाच्या वड्या. लावोन वही उघडून बसली होती. तिने आर्डिसच्या बशीकडे चोरून पाहिलं, आणि आर्डिसने दुसरी वडी उचलली तेव्हा खाली मान घालून काहीतरी लिहिलं.

"कशा झाल्यात?" तिने विचारलं.

"या वेळी बरोबर भाजल्यास," आर्डिस म्हणाली.

परतताना गाडीत आर्डिस पुढे बसली. मागे ओटो झोपलेला आणि त्याच्याशेजारी नेली, मांडीवर ते पाकीट घेऊन. पाकीट सांभाळायचं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. ब्रिटाने किल्ली फिरवली. कागदात काय आहे ते तिने आईला सांगितलं नव्हतं. मिळाला एवढंच सांगितलं होतं, आणि आर्डिस इतकी खूश झाली होती की पुढचं ब्रिटाच्या तोंडून निघालंच नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर सांगू, असं तिने ठरवलं होतं. किंवा कधीच नको.

मागून कागदाची सळसळ झाली.

"नेली, ठेव तो आत. चुरगळेल."

पण नेलीचा अंगठा शिक्क्यावर होता आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. "एर-लेंड," ती वाचत होती. "या... ना-वा-च्या..."

"नेली!"

"वाचू दे तिला," आर्डिस म्हणाली. "मलाही ऐकायचंय. मला कुणी वाचूनच नाही दाखवला."

ब्रिटाचे हात स्टिअरिंगवरच राहिले. गाडी अजून दफनभूमीच्या फाटकातच होती. नेलीने प्रत्येक शब्द तोडत, जोडत, घाम गाळत वाचला. मृत्यूची. नोंद. या. राज्यात. 'कसून' तिला दोनदा वाचावा लागला. "आ-ढळ-ली... नाही."

आर्डिस समोर बघत होती. काचेपलीकडे मक्याची कापलेली शेतं लांबवर पसरली होती. मग तिचे खांदे हलू लागले, आणि ब्रिटा घाबरून तिच्याकडे वळली, तर ती हसत होती. आवाज न करता, हात छातीवर दाबून.

"बघ," ती म्हणाली, "एवढं मोठं सरकार. त्यालासुद्धा पटलं नाही. आणि मला सगळे म्हणत होते, तू सोडून दे."

तिने डोळे पुसले. ब्रिटाने गाडी फाटकाबाहेर काढली.

"म्हणजे मामा मेलेला नाहीये?" नेलीने मागून विचारलं.

ब्रिटा आरशात बघत होती. आरशात नेली होती आणि तिच्यामागे, काचेतून, लहान होत जाणारा करडा दगड.

"मग त्याला एकट्याला तिथे ठेवून आपण घरी का चाललोय?"